चंद्रीची साक्ष

पूर ओसरल्यानंतर बारा दिवस मी प्रार्थना केली नाही. हे लिहिताना आजही हात आखडतो, कारण आमच्या गावातल्या महिला मंडळाची प्रार्थना मीच चालवते. दर बुधवारी दुपारी आठ-दहा बायका जमतात. कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाच्या नवऱ्याची दारू, कुणाच्या लेकीची परीक्षा, सगळं प्रभूपुढे मांडायचं काम माझ्याकडे असतं. बायका म्हणतात, हिच्या तोंडी शब्द चांगले येतात. त्याच तोंडातून त्या दिवसांत एक शब्द निघत नव्हता. डोळे मिटले की समोर फक्त गढूळ पाणी दिसायचं.

आमचं गाव नांदेड जिल्ह्याच्या अगदी कडेला आहे. बाजार, दवाखाना, लग्नाचा बस्ता, सगळ्याला आम्ही जातो मात्र उदगीरला, म्हणजे लातूर जिल्ह्यात. गावात नऊ घरं आम्हा ख्रिस्ती लोकांची, बाकी लिंगायत, मराठा आणि थोडी मुसलमानांची. आमचं लहानसं चर्च गावाबाहेर टेकाडावर आहे. उन्हाळ्यात तिथवर चढून जायला जीव नको म्हणतो, आणि दर वर्षी कुणी ना कुणी म्हणतंच, एवढ्या उंचावर कुणी बांधलं हो हे? यंदा मात्र हा प्रश्न कुणी विचारला नाही.

आमचे हे शाळेत शिपाई आहेत. मी म्हशी सांभाळते आणि गावात दूध घालते. तीन म्हशी होत्या. त्यातली थोरली चंद्री. कपाळावर पांढरा चांद, उजव्या शिंगाचं टोक मोडलेलं आणि स्वभाव तहसीलदाराचा. ती माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नसे, आणि गाणं म्हटल्याशिवाय पान्हा सोडत नसे. मी धार काढताना उपासनेतली गीतं म्हणायची. एखादं कडवं विसरले तर ती पाय झाडायची. सासूबाई म्हणायच्या, "चर्चात जेवढ्या बाया गात न्हाईत, तेवढं ही म्हस ऐकते." त्यांना आम्ही सगळे आत्याबाई म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर, दात एकही नाही, पण जिभेला धार आहे.

त्या पावसाळ्यात तीन दिवस पाऊस थांबला नाही. चौथ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला मी गोठ्यात होते, तेव्हा पायाखाली पाणी आलं. आधी वाटलं, पन्हळीचं असेल. पण भांडं घासून होईस्तोवर ते घोट्यावर आलं, मग गुडघ्यावर. वरच्या अंगाच्या तलावाचं पाणी ओढ्यात मावेना आणि ते सरळ गावात शिरलं. मी घराकडे धावले. ह्यांनी आत्याबाईंना पाठीवर घेतलं. त्या ओरडत होत्या, "माझा चष्मा! माझं शास्त्र! आरं, माझा पानाचा डबा!" ह्यांनी चष्मा, बायबल आणि डबा, तिन्ही वस्तू धोतराच्या गाठोड्यात कोंबल्या आणि टेकाडाकडे निघाले. मला म्हणाले, "म्हशी सोड आन ये लगेच."

गोठा सखल जागी आहे. मी पोचेपर्यंत पाणी कमरेवर आलं होतं. दाव्यांच्या गाठी भिजून आवळल्या होत्या, सुटेनात. मी विळ्याने एकेक दावं कापलं. दोघी लहान होत्या, त्या दाराबाहेर पडल्या. चंद्री मात्र गाभण, दिवस भरत आलेले. ती हलेना. माझ्याकडेच बघत उभी राहिली. मी तिला थोपटलं, ढकललं, शेवटी पाठीवर जोरात चापट मारली आणि म्हटलं, "जा माय, जा!" ती गेली. दाराबाहेर पाण्याला ओढ होती. शेवटी मला दिसला तो तिच्या कपाळावरचा पांढरा ठिपका, लांब जात असलेला. मी कशीबशी भिंत धरत टेकाडावर पोचले.

गावात माणूस एकही गेलं नाही. यासाठी मी देवाचे आभार मानायला हवे होते, हे मला कळत होतं. पण पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी दोन्ही लहान म्हशी बाभळीच्या काट्यांत अडकलेल्या सापडल्या, मेलेल्या. चंद्रीचा पत्ताच नव्हता. घराच्या दोन भिंती बसल्या होत्या. ह्यांचा फोन चिखलात गेला होता. आणि काही लोकांनी आपली जनावरं दावं धरून टेकाडावर ओढत नेली होती, ती वाचली होती. मला तेच डाचत होतं. मी दावी कापायलाच नको होती. धरून ओढलं असतं तर? मी माझ्या हातांनी त्यांना पाण्यात लोटलं, असंच वाटे.

चर्च कोरडं राहिलं होतं, म्हणून अख्ख्या गावाची चूल तिथे मांडली गेली. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, बाकं भिंतीला लावली आणि पावणेदोनशे माणसांची पंगत रोज तिथे बसू लागली. सरपंचाच्या बायकोने वरण ढवळायचं, मशिदीच्या मौलवींनी पाणी भरायचं, आणि पोळ्यांचं खातं माझं. काम करताना बरं वाटे. पण संध्याकाळी पाळकसाहेब म्हणत, "ताई, तुम्ही प्रार्थना करा," तेव्हा मी पिठाचे हात दाखवून मागे सरे. दोनदा त्यांनी विचारलं. तिसऱ्या वेळी विचारलं नाही, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

एक दिवस बाहेरगावचे एक प्रचारक भाऊ बिस्किटांचे पुडे घेऊन आले. पुडे वाटून झाल्यावर त्यांनी चार शब्द बोलायची परवानगी मागितली. ते चार शब्द पाऊण तास चालले. म्हणाले, हा पूर उगाच आलेला नाही, गावाच्या पापाची ही शिक्षा आहे, पश्चात्ताप करा. मी मान खाली घालून ऐकत होते. माझ्या मनातलंच कुणीतरी मोठ्याने बोलत होतं. इतक्यात कोपऱ्यातून आत्याबाईंचा आवाज आला.

"भाऊ, तुमचं वय काय?"

ते गोंधळले. "चाळीस, माय."

"मंग तुमी लहान होतात. भूकंप झाला तवा मी माहेरी होते, लातूरकडं. माझी लेक संगं होती, नऊ वर्साची. शेंडेफळ माझं. ती गेली. मी दगडाखाली दोन दिस होते. तवा बी तुमच्यासारखा एक जण आलता. म्हणला, पापाची शिक्षा. नऊ वर्साच्या लेकरानं काय पाप केलं, सांगा बरं?"

आत्याबाईंनी पानाचा डबा उघडला, परत मिटला.

"देव त्या दगडात नव्हता, भाऊ. मला वर काढून खांद्यावर नेलं ना एका गड्यानं, नाव बी ठाव न्हाई त्याचं, देव त्याच्यात होता. मी तिथंच वळखला त्याला. आता बिस्कुटं आणली, लई चांगलं केलं. चहा घ्या."

भाऊंनी चहा घेतला. जाताना आत्याबाईंच्या पाया पडून गेले, हेही सांगायला हवं.

त्या नणंदेबद्दल आत्याबाई घरात कधी बोलत नसत. त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, "आत्याबाई, मला प्रार्थनाच होत न्हाई." त्या म्हणाल्या, "मला दीड वरीस झाली न्हाई. तू बारा दिसाला घाबरून राहिलीस?" आणि खो खो हसल्या. मला काही हसू आलं नाही, पण छातीवरचं ओझं थोडं हललं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. उपासना सुरू झाली. मी मागच्या पडवीत पोळ्या लाटत होते. तिथून आतलं दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं. दोन गीतं झाली. मग पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला साक्ष द्यायची आहे काय?" आमच्यात साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगणं. पूर आल्यापासून कुणी उभं राहत नव्हतं. दर वेळी तो प्रश्न तसाच हवेत राहायचा.

यावेळी बाक सरकल्याचा आवाज आला आणि एक अनोळखी, घोगरा आवाज.

"मलाच विचारून राहिलात का? मी सांगू?"

नंतर कळलं ते असं. गीत चालू असताना सत्तरीचे एक गृहस्थ दारात आले होते. डोक्याला पटका, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, हातात फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा. कुणाशी तरी बोलायचं म्हणून आले, पण देवाचं काम चाललंय तर मधे बोलू नये म्हणून शेवटच्या बाकावर बसून राहिले. आणि पाळकसाहेबांनी विचारल्यावर त्यांना वाटलं, हे आपल्यालाच विचारताहेत.

"माझं नाव बसप्पा," ते म्हणाले. "आमचं गाव खाली, देगलूरच्या अंगाला. पूर आला त्या दिशी दुपारी आमच्या बांधाला एम्मे येऊन लागली. एम्मे म्हणजे म्हस. मला वाटलं मेलेली हाय. जवळ गेलो तर कान हालवला. मी आन माझा भाऊ, दोघांनी दोर लावून वढली. चिखलात दोन तास. वर आली आन पयलं काम काय केलं, मला लाथ मारली."

चर्चमध्ये हसू फुटलं. माझ्या हातातलं लाटणं थांबलं.

"कानात पिवळा बिल्ला होता. जनावराच्या दवाखान्यात नेलं तर डाक्टरनं त्याचा नंबर कम्प्युटरात टाकला. गावाचं नाव निघालं, बाईचं नाव निघालं. फोन लावला, लागेना. आठ दिवस लावून राहिलो. डाक्टर म्हणले, नाव ख्रिस्ती दिसून राहिलंय, तिथल्या चर्चात विचारा. म्हणून आलो. पूल वाहून गेलाय, फाट्यापासून चालत आलो." आणि त्यांनी माझं नाव घेतलं. "ही अक्का हितं हाय का?"

मी कशी आत गेले मला आठवत नाही. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाचे. मला वाटतं मी नमस्कारसुद्धा केला नाही. विचारलं, "उजवं शिंग?"

"टोक मोडलेलं," बसप्पा म्हणाले.

"कपाळावर?"

"चांद. आन लई शिस्तीची हो अक्का. धार काढू देईना. माझ्या बायकोनं गोंजारलं, गूळ दिला, काय उपेग न्हाई. मंग ती दमून तिथंच बसली आन आपलं शिवाचं भजन म्हणाया लागली, तशी म्हशीनं पान्हा सोडला!"

चर्चमध्ये एवढं हसणं मी तरी कधी ऐकलेलं नाही. आत्याबाई डोळे पुसत म्हणाल्या, "तिला गाणं लागतं बघा, कुणाचं का असंना."

बसप्पांनी डबा पुढे केला. "परवा सकाळी व्याली. वगार झाली. लई देखणी, कपाळावर आईवानी चांद. हा पयल्या चिकाचा खरवस हाय. बायको म्हणली, पयला चीक मालकिणीच्या घरी गेला पायजे. आमी न्हाई चाखला."

मी खाली बसले. तिथेच, चर्चच्या मधोमध फरशीवर. पाळकसाहेब माझ्याकडे बघत होते. माझं तोंड आपोआप उघडलं आणि एवढंच निघालं, "प्रभू, म्हस सापडली." शब्द चांगले येणाऱ्या बाईची प्रार्थना तेवढ्यावर संपली. सगळे म्हणाले, "आमेन." बसप्पांनी इकडेतिकडे बघितलं आणि सगळ्यांच्या मागून एकट्यानेच म्हटलं, "आमेन."

खरवस एका डब्याचा आणि माणसं पावणेदोनशे. सरपंचाच्या बायकोने सुरीने नखाएवढे तुकडे केले. कुणी नाही म्हटलं नाही. बसप्पांनाही आम्ही आग्रहाने दिला. आत्याबाईंना दोन तुकडे मिळाले, कारण त्या म्हणाल्या, "ह्याला दात लागत न्हाईत, म्हाताऱ्या माणसाला जास्त द्या." बिस्किटं सोडली, तर पूर आल्यापासून गावाने तोंडात काही गोड घातलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बसप्पांबरोबर त्यांच्या गावी गेलो. फाट्यापर्यंत चालत, मग बस, मग टमटम. त्यांचं शेत बघून माझे पाय थबकले. सोयाबीन नावालाही नव्हतं, सगळीकडे वाळू आणि दगड. गोठ्याचं छप्पर उडालेलं. म्हणजे या माणसाचं सगळं वाहून गेलेलं असताना तो दुसऱ्याच्या म्हशीसाठी दवाखाना आणि फोन करत हिंडत होता. चंद्री ओसरीत बांधली होती, घरातल्या माणसांच्या जागी, आणि माणसं बाहेर पडवीत झोपत होती. मला बघून ती रेकली. मी तिच्या गळ्यात पडले. वगार माझा पदर चघळत होती.

मी बसप्पांना विचारलं, "तुमी एवढं कावून केलं, मामा? तुमचंच एवढं नुकसान हाय. ठिवून घेतली असती तरी कुणाला कळलं नसतं."

त्यांनी चंद्रीच्या गळ्यातल्या दाव्याचा उरलेला तुकडा दाखवला. तो त्यांनी तसाच ठेवला होता. "हे बगा अक्का. तुटलेलं न्हाई, कापलेलं हाय. सरळ. पाण्यात उभं राहून कुणीतरी कापलेलं हाय. ज्या मान्सानं कापलं, त्याला म्हस जगावी वाटत होती. अशा मान्साची म्हस मी कशी ठिवून घिऊ?"

बारा दिवस मी ज्या गोष्टीसाठी स्वतःला दोष देत होते, तीच गोष्ट या माणसाने शेतात उभं राहून वाचली होती, आणि त्याला तिच्यात माया दिसली होती. ह्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आमचे हे चारचौघांत असं कधी करत नाहीत. तेव्हा मला उमगलं की चंद्रीला पाण्यात सोडताना माझ्या हातून ती निसटली होती, देवाच्या हातून नव्हे. मी गीतांतून किती वर्षं म्हणत आले होते, सगळं तुझ्या हाती. खरोखर हात रिकामे झाले, तेव्हा मात्र मी त्याच्यावर रुसून बसले होते.

निघताना बसप्पांच्या बायकोने चंद्रीला आणि वगारीला कुंकू लावलं, माझी ओटी भरायला पुढे झाली आणि मग थबकली. "तुमच्यात चालतं का, अक्का?" मी पदर पसरला. म्हटलं, "तुमच्या हातचं सगळं चालतं." तिने खण नारळ घातला आणि वगारीला मिठी मारून रडली. वगारीचं नाव तिनेच ठेवलं होतं, गंगी. आम्ही तेच ठेवलं आहे.

लांबच्या वाटेने वळसा घालून टेम्पो गावात शिरला तेव्हा लग्नाच्या वरातीसारखी गर्दी झाली. सगळ्यांना चंद्री बघायची होती. त्या गर्दीत एक बाई नव्हती. कोंडाबाई, आमच्या गल्लीतली. तिची बैलजोडी पुरात गेली आणि परत आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे तांब्याभर दूध घेऊन गेले. तिने घेतलं नाही. म्हणाली, "तुझा देव तुझी म्हस आणून देतो. माझी बैलं का न्हाई आणली? माझ्या बैलांनी काय केलंतं?"

मी तांब्या तसाच घेऊन परतले. मी तोच प्रश्न पाळकसाहेबांना विचारला, तर ते म्हणाले, "ताई, मला माहीत नाही." त्यांच्या त्या उत्तरासाठी मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला. आत्याबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "तिला उत्तर नगं. दूध नेत जा."

म्हणून मी नेत राहिले. पहिले काही दिवस कोंडाबाई दार उघडायची नाही, मी तांब्या ओट्यावर ठेवून यायची. नंतर ती दार उघडू लागली, पण बोलायची नाही. मग एक दिवस म्हणाली, "ये, बस." आम्ही चहा प्यायलो. ती बैलांबद्दल बोलली, त्यांची नावं, त्यांच्या खोड्या, पोळ्याला ती त्यांना कसं सजवायची. मी ऐकत होते. मी देवाबद्दल एक अवाक्षर काढलं नाही. पूर्वीची मी असते तर काढलं असतं.

आता आमच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत. चंद्री दूध देते आहे. बसप्पा आणि त्यांची बायको नाताळला आले होते, आणि त्या दोघी, म्हणजे त्यांची बायको आणि आत्याबाई, गोठ्यात बसून चंद्रीला आळीपाळीने आपापली गाणी ऐकवत होत्या. प्रार्थना मला आता होते. पूर्वीइतके सुंदर शब्द येत नाहीत. मधेच अडखळते, मधेच गप्प बसते. बायकांना त्याचं काही वाटत नाही.

गेल्या आठवड्यात मी दूध घेऊन गेले तेव्हा कोंडाबाई ओट्यावरच बसली होती. म्हणाली, "बुधवारी तुमी बाया जमता ना, तिथं माझं नाव घेतीस का?"

"दर बुधवारी घेते," मी म्हटलं.

"मंग त्याला बैलाचं सांग. एक असला तरी चालंल." मी निघाले, तशी मागून हाक मारली. "आन आयक! पांढराच पायजे म्हणावं."

त्या बुधवारी मी सगळ्या बायकांसमोर तसंच सांगितलं. प्रभू, कोंडाबाईला एक बैल हवा आहे, पांढराच हवा म्हणते. निरोप पोचवला. पुढचं तुझ्याकडे.